प्रागच्या वाटेवर मी स्टोव्ह पेटवला नाही

"मेश्राम, एक काम कर मायं. भिलाईले पोचल्यावर कोनाले सांगजो नोको."

कापगते माझ्या कानाशी येऊन हे बोलला तेव्हा आमची बस पोलंडची हद्द ओलांडून चेकोस्लोव्हाकियात शिरली होती. मी मांडीवर परात घेऊन तांदूळ निवडत होतो. तिकडच्या तांदळात खडे नसतात, पण हाताला सवय. युरोपची टूर संपत आली होती. पुढे प्राग, प्रागहून विमान, मग मुंबईहून मेल आणि दुर्ग स्टेशन. बसमध्ये सगळे खुशीत होते. मागच्या सीटवर गाणी चालू होती.

"काय सांगू नोको?" मी विचारलं.

"हेच. वर्षभर तुया हातचं जेवलो ते."

मी तांदळातून हात काढला.

आता आम्ही कोण ते सांगतो. लिहायला बसलो की माझी शाळेतली मराठी येते आणि तोंड उघडलं की भंडाऱ्याची. वाचणाऱ्यानं दोन्ही चालवून घ्याव्या.

मी भिलाईच्या प्लँटमध्ये क्रेन ऑपरेटर होतो. प्लँट बांधून होत होता तेव्हापासूनचा. आलो तेव्हा तिथे लाल मुरूम, रोवलेल्या खुंट्या आणि वारा याशिवाय काही नव्हतं. आधी खलाशी म्हणून लागलो, म्हणजे दोर ओढणारा, लोखंड वाहणारा. मॅट्रिक होतो म्हणून पुढे क्रेनवर घेतलं. वडील रेल्वेत गँगमन. आमचं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेलं, बौद्ध. कापगते साकोलीकडचा, धानाची शेती करणाऱ्या घरातला. तोही खलाशीच. दोघं एकाच बॅरेकमध्ये राहायचो आणि एकमेकांना लेका-बे करायचो.

पण बॅरेकच्या व्हरांड्यात पाण्याचे माठ दोन होते. कोणी पाटी लावली नव्हती. कोणता कोणाचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. आपण प्लँट उभारतोय, देश उभारतोय, अशी भाषणं तिथेच व्हायची आणि भाषण संपलं की लोक आपापल्या माठाकडे जायचे.

प्लँटचा विस्तार सुरू झाला तेव्हा आमची पंधरा-सोळा जणांची बॅच ट्रेनिंगला रशियात पाठवली. सगळे रशियाच म्हणायचे, खरं तर ते युक्रेन. नीपर नदीच्या काठचं पोलादाचं गाव. मी आणि कापगते तिथे जोडी म्हणून तयार झालो. जोडी म्हणजे काय, तेही सांगून टाकतो.

शेडच्या वर दोन्ही बाजूंना रूळ असतात. त्या रुळांवर एक आडवा पूल सरकतो, त्याला हूक लटकलेला. पुलाखालच्या केबिनमध्ये ऑपरेटर, म्हणजे मी. खाली जमिनीवर सिग्नलमन, म्हणजे कापगते. भट्टीतून पोलाद ज्या अवाढव्य बादलीत ओततात तिला लॅडल म्हणतात. लॅडलचे कान हुकात नीट बसले की नाही, ते मला वरून दिसत नाही. ते खालचा पाहतो आणि हातानं खूण करतो. बोटं वर फिरवली की उचल. तळवा खाली केला की सोड. मूठ वर धरली की थांब. भट्टीपाशी आवाज एवढा असतो की ओरडून उपयोग नाही. त्याच्या हातावर मी चालतो आणि माझ्या हातावर त्याचा जीव. इथे चूक झाली तर ती कशी झाली हे सांगायला खालचा माणूस बहुतेक उरत नाही.

आम्ही निघताना आमच्या रशियन उस्तादांनी बॅचचे प्रमुख राव साहेब यांना सांगितलं होतं, ही जोडी फोडू नका, नव्या भट्टीच्या लॅडल क्रेनवर यांनाच घाला. लॅडल क्रेन म्हणजे आमच्या लाइनीत मोठा मान. आम्ही दोघं हवेत होतो.

आणि स्वयंपाक? तो माझ्या गळ्यात पडला तो असा. तिथल्या मेसमध्ये बिटाचं लाल सूप, काळा पाव, उकडलेला बटाटा. अन्न चांगलं, वाढणाऱ्या बाया प्रेमळ, पण तिखट नाही म्हणजे आपल्याला जेवल्यासारखं वाटतच नाही. माझ्या मायनं ट्रंकेत भिवापुरी मिरचीच्या तिखटाची भली मोठी पिशवी कोंबून दिली होती. एका रविवारी मी हॉस्टेलच्या किचनमध्ये पिवळ्या वाटाण्याच्या डाळीला लसणाची फोडणी दिली. वास गेला आणि अख्खी बॅच ताटं घेऊन दारात उभी राहिली. पंजाबचा गुरबचन, बंगालचा घोष, आंध्रचे आमचे राव साहेब, सगळे. त्या दिवसापासून मी आचारी. जास्त भात हवा असला की लोक बोटं वर फिरवून 'उचल'ची खूण करायचे. पुरे झालं की मूठ वर.

कापगते सुरुवातीला आला नाही. खोलीत बसून पाव खायचा. पोट साफ नाही, म्हणायचा. बरेच दिवस त्याचं पोट साफ नव्हतं. मग एका संध्याकाळी बाहेर बर्फ पडत असताना हा आला, माझ्यासमोर बसला, ताट पुढे केलं.

"वाढ बे."

मी वाढलं. त्यानं दोनदा मागून घेतलं. त्यानंतर त्याचं पोट कधी बिघडलं नाही.

ट्रेनिंग संपल्यावर यजमानांनी आम्हाला बसनं टूर दिली. साहेबांच्या भाषेत स्टडी टूर. कीव, ल्व्होव, क्राकोव्ह, वाटेत दिसेल तो कारखाना, शेवट प्राग. ड्रायव्हर स्तेपान म्हणून होता, पांढऱ्या मिशांचा, अंगानं आडवा. आमचा स्टोव्ह आणि पातेलं बसच्या पोटात. दुपारी स्तेपान झाडी बघून बस थांबवायचा, मी स्टोव्ह पेटवायचा, आणि कांदे चिरायला सगळ्यात आधी तोच बसायचा. पहिल्यांदा तिखट खाल्लं तेव्हा त्याचे डोळे पांढरे झाले. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच बोटं वर फिरवून मागून घेतलं.

अशी आमची मजेत चाललेली गाडी. आणि त्यात कापगतेचं ते बोलणं.

"कावून सांगू नोको?" मी विचारलं. कारण मला कळलं होतं, पण ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"बहिनीची सोयरीक चालू हाय. बा दुर्गले घ्यायले येऊन राहिला. या पोट्ट्यांपैकी कोनं बोलून टाकलं तं गावभर होईन. मनून तू सगळ्याइले सांगून ठेव, तुयं आयकतात."

म्हणजे मी गप्प राहायचं तर राहायचंच, वर बाकीच्यांनाही गप्प बसवायचं. वा रे पठ्ठ्या!

मला राग आला की मी ओरडत नाही. माझी बायको सांगते की ओरडला असता तर बरं झालं असतं. मी निवडलेले तांदूळ परत पिशवीत ओतले, पिशवीचं तोंड बांधलं आणि म्हणालो, "बरं. आजपासून तुले लपवाचं कामच पडनार नाई."

"मंजे?"

"मंजे मी रांधून नाई राहिलो."

त्याला वाटलं मी गंमत करतोय. खिडकीबाहेर बघत तो बसून राहिला.

संध्याकाळी बस ऑस्ट्रावाला पोचली. हेही पोलादाचंच गाव, धुराचा वास ओळखीचा. कामगारांच्या हॉस्टेलमध्ये मुक्काम, किचन ऐसपैस. स्तेपाननं पातेलं आणि स्टोव्ह काढून ओट्यावर ठेवला, कांदे काढले, सुरी घेतली. मी हात-तोंड धुऊन खाटेवर आडवा झालो.

राव साहेब आले. "मेश्राम, खाना?"

"आज सुट्टी, साहेब."

"तबियत?"

"एकदम फर्स्ट क्लास."

साहेब दारात उभे राहिले. हैदराबादेत शिकलेले, बोलायला मऊ, पण माणसं वाचण्यात पक्के. माझ्याकडे पाहिलं, पलीकडच्या खाटेवर बुटांच्या नाड्या उगाच सोडून बांधणाऱ्या कापगतेकडे पाहिलं आणि निघून गेले.

त्या रात्रीचं जेवण कँटीनमध्ये झालं. पिठाचे वाफवलेले गोळे, त्यावर फिका रस्सा. गुरबचननं त्यावर मोहरीची चटणी ओतली, ती नाकात गेली आणि तो ठसकत बसला. घोष म्हणाला, माशाशिवाय मी राहिलो, रसगुल्ल्याशिवाय राहिलो, पण आता मेश्रामशिवाय राहायचं म्हणजे अति झालं. सगळे मला मस्का लावू लागले. पाय चेपून देऊ का, कोट इस्त्री करू का. मला हसू येत होतं, पण मी तोंड तसंच ठेवलं.

कारण मात्र मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोट्ट्यांनी कापगतेला बसच्या टपावर बांधला असता. भांडण माझं होतं. त्याची जत्रा मला करायची नव्हती.

सकाळी कापगते सगळ्यांच्या आधी उठून किचनमध्ये गेला. भात लावतो म्हणाला. घरी कधी चुलीजवळ न गेलेला माणूस तो. खाली कोळसा, वर कच्चे तांदूळ, मध्ये खीर असा तीन मजली भात त्यानं केला. स्तेपाननं एक घास घेतला, छातीवर क्रूसाची खूण केली आणि चमचा खाली ठेवला. सगळे खो खो हसले. कापगतेही हसला, पण माझ्याकडे बघून. मी चहा पीत बसलो.

दुपारी तिथल्या कारखान्याची भेट होती. यजमान लोक हौशी. आम्ही क्रेनवाले आहोत हे कळल्यावर म्हणाले, दाखवा की तुमची जोडी. काही अवघड नव्हतं. भंगार भरायचा एक रिकामा लोखंडी डबा, बैलगाडीएवढा, शेडच्या एका टोकाकडून उचलून दुसऱ्या टोकाला ठेवायचा. साहेबांची छाती फुगली. "मेश्राम, ऊपर. कापगते, नीचे."

मी शिडी चढून केबिनमध्ये बसलो. कापगते खाली. त्यानं हूक खाली घेतला, साखळ्या अडकवल्या, ओढून पाहिल्या, बाजूला झाला, बोटं फिरवली. मी उचललं. बोलणं बंद असलं तरी हात चालू होते. आडवं ने, ने, ने. डबा झुलला नाही, एकदम गुळगुळीत चालला होता. खाली यजमान माना डोलवत होते.

आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की कापगते डब्याच्या खाली आहे.

ही आमच्या धंद्यातली पहिलीच गोष्ट. पहिल्या दिवशी शिकवतात आणि मग रोज शिकवतात. लटकत्या मालाखाली उभं राहायचं नाही. सिग्नलमननं नेहमी पुढे आणि बाजूला चालायचं. हा उलटा चालत होता, नजर माझ्या केबिनकडे, हातानं खुणा चालू, आणि चालता चालता सरळ डब्याखाली आला होता. हातानं सांगत होता, ने. मी नेलं नाही. सगळं जागच्या जागी थांबवलं आणि घंटा दाबून धरली.

शेडभर घंटा. तो खालून परत खूण करतोय, ने की! मी केबिनमधून अर्धा बाहेर वाकून हातानं दाखवलं, वर बघ, तुझ्या डोक्यावर काय आहे ते बघ. त्यानं वर पाहिलं. मग असा उडी मारून बाजूला झाला की एका चेक फोरमनच्या पायावर पडला.

साखळी तुटली नसती. डबा रिकामा होता, साखळ्या चांगल्या होत्या. पण मी घंटा सोडायलाच विसरलो होतो. त्या क्षणी मला त्याची सोयरीक, त्याचा बा, कोणाचाच राग आला नाही. फक्त भीती वाटली. मग तो बाजूला नीट उभा राहिला, हात वर केला आणि आम्ही डबा जागेवर ठेवला.

साहेबांनी तिथे काही तमाशा केला नाही. बसपाशी आल्यावर आम्हा दोघांना मागे नेलं. एवढा मऊ माणूस, पण तेव्हा त्यांचा आवाज चढला होता.

"कल ये आदमी गरम लॅडल के नीचे खडा रहेगा क्या? तुम दोनों का क्या झगडा है मुझे नहीं मालूम. मालूम करना भी नहीं. प्राग तक खतम करो. नहीं तो मैं भिलाई में लिख के दूंगा, ये जोडी लॅडल क्रेन पे नहीं चढेगी."

आणि ते बसमध्ये चढले. आम्ही दोघं मागच्या चाकापाशी उभे.

"तू थांबला," कापगते म्हणाला.

"मंग काय टाकून देऊ तुया डोस्क्यावर? बैताडा, ध्यान कुठी होतं तुयं?"

"तू माह्याकडं पाहून राहिला का नाई, तेच पाहून राहिलो होतो," तो म्हणाला. "कालपासून तू माह्याकडं पाह्यलंच नाई."

आता याला काय म्हणावं! रागावलेल्या मित्राचं तोंड बघायला हा माणूस लोखंडाखाली आला होता. मला हसावं की त्याच्या दोन कानफटात द्याव्या कळेना.

मग मी बोललो. जे बसमध्येच बोलायला हवं होतं ते.

"कापगते, आयक. उद्या भिलाईत तू रोज माह्या हाताखाली उभा राहशीन. तुया जीव चालते माह्या हाती द्याले. भात चालत नाई? मले तुया बाचं सर्टिफिकेट नोको. त्यानं माह्या घरी नाई जेवलं तं माह्या घरची चूल इझत नाई. पन तू खाल्लं हाय. पोटभर खाल्लं हाय, मागून खाल्लं हाय. ते नाई खाल्लं असं मले म्हनाले लावू नोको. मी काही चोरून वाढलं नाई तुले."

तो मान खाली घालून बुटानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "मी सांगतो बाले."

"सांगशीन तवा पाहू."

"सांगतो म्हनलं ना."

त्याच्यावर माझा विश्वास बसला असं नाही. माणूस परक्या देशात असताना बरंच काही कबूल करतो. पण त्या संध्याकाळी मी स्टोव्ह पेटवला. खरं कारण स्तेपान. तो प्रागला आम्हाला सोडून एकटा रिकामी बस घेऊन परत जाणार होता. दुपारभर तो स्टोव्हभोवती घुटमळत होता, आणि शेवटी माझ्यासमोर येऊन त्यानं सोललेले कांदे ठेवले. अशा माणसाला उपाशी परत पाठवायचं म्हणजे माणुसकी नाही. पिशवीत उरलं होतं तेवढं सगळं तिखट मी त्या डाळीत घातलं. कापगते शेजारी बसून लसूण सोलत होता. स्तेपान खाता खाता रडला. तिखटानं की आणखी कशानं, आम्ही विचारलं नाही.

प्रागला साहेबांनी विचारलं, "खतम?"

"आधा," मी म्हणालो.

"आधा क्या होता है?"

"बाकीचा दुर्गले होईन, साहेब."

साहेबांनी कपाळाला हात लावला. पण कागद काढला नाही.

दुर्ग स्टेशनवर मेल लागली तेव्हा ऊन चढलं होतं. प्लॅटफॉर्मवर ही गर्दी. हार, कुंकू, रडणाऱ्या बाया. माझ्या घरून कोणी येणार नव्हतं, वडिलांना ड्युटी होती. कापगतेचा बा मला लांबूनच ओळखू आला. तोच लांब नाकाचा चेहरा, धोतर, बंडी, खांद्यावर दुपट्टा, काखेत फडक्यात बांधलेली शिदोरी आणि हातात पितळेचा गडवा. घरचं पाणी घेऊन आला होता म्हातारा, पोराला प्यायला. वर्षानं येणाऱ्या पोरासाठी बापानं रेल्वेतून पाणी सांभाळत आणलं होतं. मला त्याचा राग येईना.

मी माझी ट्रंक हमालाच्या डोक्यावर दिली आणि दुसऱ्या टोकाच्या पुलाकडे निघालो. सांगायचं तर सांगेल, नाही तर नाही. बघायला उभं राहून त्याच्यावर ओझं कशाला टाकायचं, असा विचार केला. खरं सांगतो, न सांगितलेलं बघायची माझी तयारी नव्हती.

"मेश्राम! अबे मेश्राम! थांब!"

एवढ्या मोठ्यांदा की चार डबे पलीकडचे लोक वळले. मी मागे गेलो. बा गडवा पुढे करून उभा होता, पोराचे हात रिकामेच.

"बा, पानी मंग पेतो. पयले आयक," कापगते म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "हा मेश्राम. आमच्या बॅरेकीतला. वर्षभर यानंच रांधलं न मी खाल्लं. उद्या कोनाच्या तोंडून आयकशीन, मनून मीच सांगून राहिलो."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मेश्राम म्हटल्यावर बाकी काही विचारायची गरज नव्हती. मी हात जोडले. त्यानं आजूबाजूला पाहिलं.

"लोक आयकून राहिले," तो हळू म्हणाला.

"आयकू दे."

म्हाताऱ्यानं मान फिरवली. गडवा त्यानं कापगतेच्या ट्रंकेवर ठेवला, दुपट्टा झटकला आणि गेटाकडे चालू लागला. कापगतेनं गडवा उचलला, तोंडाला लावून सगळं पाणी प्यायला, ट्रंक खांद्यावर घेतली आणि बापाच्या मागे पळाला. जाता जाता वळून ओरडला, "उद्या फर्स्ट शिफ्ट हाय काय बे?"

मला इतका आनंद झाला की त्या भरात मी हमालाशी विनाकारण हुज्जत घातली आणि शेवटी ट्रंक स्वतःच उचलून चालू लागलो.

पुढचं थोडक्यात. साहेबांनी आम्हाला लॅडल क्रेनवर घातलं. त्या क्रेनवर आमची जोडी कित्येक वर्षं राहिली आणि कापगते परत कधी मालाखाली आला नाही. बहिणीची सोयरीक मोडली नाही. गावात चर्चा झाली म्हणतात, पण मुलाकडच्यांना एकच गोष्ट विचारायची होती: जावयाला प्लँटमध्ये लावून देता का? व्हरांड्यातले दोन माठ मात्र बरेच दिवस राहिले. आमच्या बॅचचे पोट्टे कोणत्याही माठातून पाणी प्यायचे. आधी भांडणं झाली, मग कंटाळा आला, मग एक माठ फुटला तर दुसरा कोणी आणलाच नाही.

म्हातारा पहिली काही वर्षं भिलाईला आला की पोराच्या क्वार्टरमध्ये स्वतःची चूल वेगळी मांडायचा. कापगते त्याच्या देखत ताट घेऊन माझ्याकडे जेवायला यायचा. तोवर माझं लग्न झालं होतं आणि आम्हाला शेजारच्याच ओळीत क्वार्टर मिळालं होतं. एकदा म्हातारा डोळ्यांच्या इलाजासाठी आला. कापगते ड्युटीवर, क्वार्टरला कुलूप. किल्ली आमच्याकडे. म्हातारा आमच्या अंगणात बसला. बायकोनं चहा विचारला, नको म्हणाला. झाडाचा पेरू दिला, तो घेतला. पेरू रांधलेला नसतो ना! पुढच्या खेपेला चहा घेतला. आम्ही दोघांनी याचं काही कौतुक केलं नाही. घ्यायचा तर घ्या, नाही तर उरलेला मी पितो.

मग एक दिवस दुपारी मी ड्युटीवरून आलो तर म्हातारा आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेला. समोर ताट, भाकर, वांग्याची भाजी. कापगते शेजारी, स्वतःचं ताट तसंच ठेवून. बायको चुलीपाशी, पदरानं तोंड पुसत. कोणी बोलावलं, कसा आला, मी विचारलं नाही. म्हाताऱ्यानं पहिला घास घेतला. सावकाश चावला. गिळला.

"मीठ कमी हाय," म्हणाला.

कापगतेचा चेहरा पडला. माझी बायको मागे वळूनही न बघता म्हणाली, "डबा तुमच्या मांगंच हाय, बाबाजी. घ्या हातानं."

म्हाताऱ्यानं हात मागे नेला, आमच्या मिठाच्या डब्याचं झाकण काढलं, दोन बोटं आत घातली आणि चिमूटभर मीठ भाजीवर भुरभुरलं. मग भाकर मोडली आणि जेवू लागला.

त्या दिवशी मीही जेवलो. मीठ खरंच कमी होतं, पण मी ते बोललो नाही. रांधणारी बायको होती. बाकी एवढ्या वर्षांच्या नोकरीत, टूरमध्ये, ट्रेनिंगमध्ये मी माणसांबद्दल एकच गोष्ट शिकलो. पाहुणा जेवणाची तारीफ करतो. नावं ठेवतो तो घरचा.